लोटनची दुसरी काहील

साचा वर उचलला तशी ढेप उभी राहिली नाही. आधी तिची कड ओघळली, मग माथा खचला आणि पाहता पाहता सगळा गूळ गोणपाटावर पसरून बसला. कमलबाई जवळच उन्हात चिपाडं वाळत घालत होती. हातातलं चिपाड तसंच धरून तिने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. सुकलालआबांनी ओघळलेल्या गुळात बोट घातलं, चाटलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, "ऊसच खोटा शे."

या हंगामात दुसरं काही त्यांच्या तोंडून निघालंच नव्हतं.

कळसाडीत रूपचंद पाटलांचं गुऱ्हाळ दिवाळीनंतर लागायचं ते होळीपर्यंत चालायचं. कमलबाई लग्न होऊन या घरात आली त्याच्या कितीतरी आधीपासून तिथला गुळव्या म्हणजे सुकलालआबा. काहिलीत, म्हणजे त्या पसरट मोठ्या कढईत, रस पडला की त्यात काय घालायचं, मळी कधी काढायची आणि कोणत्या क्षणी काहील चुलाणावरून उतरवायची हे गुळव्याने ठरवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आबा कशाचंही माप घेत नसत. चुना चिमटीने टाकायचे. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची गोळी दोन बोटांत फिरवायचे आणि हात वर करायचे. हात वर झाला की गडी धावून काहील उतरवायचे. शहाद्याच्या बाजारात त्यांचा गूळ गाडीतून खाली उतरण्याआधी विकला जाई. आबांना हात आहे, असं सारा गाव म्हणायचा, आणि आबांना ते इतकं ऐकायची सवय झाली होती की कुणी म्हटलं तरी ते मान हलवत नसत.

पण पाटलांनी जुना पांढरा ऊस मोडून नवा लावला होता. त्याचं बेणं सरकारी शेतावरून आणलेलं, म्हणून लोक त्याला सरकारी ऊस म्हणत. चांगला मनगटाएवढा जाड, आणि पाटलांनी त्याला एरंडीची पेंड सढळ हाताने घातलेली. चरकातून रस धो धो पडायचा आणि गूळ मात्र बसायचा नाही. जुन्या उसाला आबांचा हात जिथे वर व्हायचा तिथेच तो अजूनही वर होत होता. ऊस बदलला, जमिनीचं खत बदललं, रसाचा रंग बदलला. हात तोच राहिला.

"आबा, जरासा आजून आटू द्या ना," असं पाटील एकदा भीत भीत म्हणाले होते.

"मी तुमले कधी विचारं का, नांगर कसा धरतस म्हणून?" आबांनी उलट विचारलं. विषय तिथेच संपला.

कमलबाईचा राग आबांवर नव्हता. म्हाताऱ्या माणसावर रागावून काय करायचं. तिचं लक्ष होतं ते चुलाणाच्या तोंडाशी, खड्ड्यात उकिडवं बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे. लोटन जाळव्या होता. चिपाडं आत सारून आच चढवायची आणि गुळव्याचा हात वर झाला की ती ओढून घ्यायची, एवढं त्याचं काम. आज आबांनी हात वर केला त्या क्षणी लोटनच्या हातात चिपाडांची ताजी कवळी होती. तो ती आत घालणारच होता. हात दिसला तशी त्याने कवळी बाजूला टाकली आणि निखारे ओढले. म्हणजे त्याच्या मते पाक अजून व्हायचा होता.

दुपारी भाकरी वाढताना तिने ते काढलं.

"तुमले माहीत व्हतं."

"काय?"

"पाक कच्चा शे ते. तुमना हातमा चिपाड व्हतं."

"आबाना हात वर व्हयना, मी आच वढी लिनी. मन्हं काम तेवढंच."

"मंग सांगानं ना."

"कोनले, आबाले?" लोटन हसला. "उद्या सूर्याले सांगशी, कोणीकडथून निंघानं ते."

तो हसला की त्याच्या गालाला खळी पडायची. एरवी तिला ती आवडायची. आज तिला वाटलं, हा माणूस हसून दार लावून घेतो.

त्या घरात हात पाहायची एक रीत होती. मुलाला मिसरूड फुटलं की बापाने हंगामातली एक काहील त्याच्या हवाली करायची. रस पडल्यापासून साचा भरेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही की बोट लावायचं नाही. सकाळी साचा काढल्यावर ढेप उभी राहिली तर मुलाला हात आहे. नाही राहिली तर नाही. पुन्हा एकदा करून पाहा म्हणायची रीत नव्हती. आबांच्या बापाची पहिली ढेप उभी राहिली होती, आबांचीही. लोटनची बसली. त्या दिवशी तो चुलाणाच्या खड्ड्यात उतरला, आणि आज त्याच्या कानाशी पांढरे केस दिसू लागले तरी तिथेच होता. त्याचं त्याला दुःख होतं असंही नव्हतं. आपली उंची अमुक आहे हे जसं माणूस धरून चालतो, तसं त्याने ते धरलं होतं.

कमलबाईला ते कधी उमगलंच नाही. ती नंदुरबारची. तिचा बाप तिथल्या एका जिनात फिटर होता. सरकी काढायचं यंत्र अडलं की तो ते खोलायचा, पुसायचा, जोडायचा. चाललं नाही तर पुन्हा खोलायचा. कधी कधी चार दिवस ते यंत्र अंगणात हाडं पसरल्यासारखं पडलेलं असायचं आणि बाप त्याच्याभोवती विडी ओढत फिरायचा. यंत्र चाललं नाही म्हणून याला हात नाही, असं कुणी म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. पुढचा प्रश्न एकच असायचा, अडतंय कुठे.

म्हणून लग्नानंतर लोटनची ती पहिली काहील तिने खोलायला घेतली. सासू भिकुबाईला घोळात घेऊन, आज हे विचार, उद्या ते विचार, असं करत तिने ती काढून घेतली. पापड लाटता लाटता भिकुबाई सहज बोलून गेली की त्या साली चरकाची लाट, ऊस पिळायचा रूळ, तडकली होती, नवी येईपर्यंत तोडलेला ऊस बांधावर वाळत पडला होता, आणि मग घाईघाईने तोच ऊस गाळून लोटनचा हात पाहिला. कमलबाईचं लाटणं थांबलं. तोडून पडलेल्या उसाचा रस आंबतो, त्याचा गूळ धरत नाही, हे गुऱ्हाळावर चिपाडं वेचणारी बाईसुद्धा जाणते. त्या ढेपेचा आणि लोटनच्या हाताचा काही संबंधच नव्हता.

हरवलेली गाय सापडावी तशी ती धावत नवऱ्याकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आबाना हाते तोच ऊस उभा ऱ्हाता," तो म्हणाला.

ते खोटं ठरवायचं तर तोच शिळा ऊस आबांपुढे पुन्हा आणून टाकायला हवा होता.

ढेप बसली त्या दिवशी संध्याकाळी पाटील स्वतः गुऱ्हाळावर आले. त्यांनी आबांच्या बाजेवर बसून पान खाल्लं, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाले, "आबा, उद्यानी काहील लोटनले करू द्या."

कमलबाई चिपाडांच्या ढिगामागे होती. तिने हातातलं चिपाड खाली ठेवलं.

"त्याना हात पाहेल शे," आबा म्हणाले.

"मले हात पाहना नही, गूळ पाहना शे." पाटलांचा आवाज चढला नाही, पण ते बाजेवरून उठले. "शहाद्याना व्यापारी आते गाडी पाहीसन तोंड फिरावस. तुमना घरमा कोणी करत व्हई तर चांगलंच. नही तर मले बागलाणथून माणूस आणना पडी. मंग तुम्ही म्हणशात, पाटील बदलना."

बागलाणचा माणूस आला की तो इथलाच होऊन राहणार, हे तिथे सगळ्यांना कळलं. काहिलीशेजारचा, गुळव्याने उभं राहायचा हा एवढ्या वर्षांचा ओटा घरातून जाणार, आणि लोटन मरेपर्यंत परक्याच्या हाताकडे बघत आच ओढणार. आबांनी बाजेची सैल दोरी ओढून पाहिली. शेवटी म्हणाले, "करू द्या. चुना मी टाकसू. बाकी त्यानं तो पाही."

लोटनने खड्ड्यातून वर पाहिलं. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, पण पाटलांना नाही म्हणायची सवय त्या घराला नव्हती.

दुसऱ्या दिवशी हातपाय धुऊन तो ओट्यावर चढला. बायकांनी ओट्यावर जायचं नाही अशी पद्धत, म्हणून कमलबाई खाली भेंडीची झाडं ठेचत बसली. त्या ठेचलेल्या भेंडीचा चिकट रस काहिलीत घातला की मळी गोळा होऊन वर येते. आबांनी चिमटीने चुना टाकला आणि पाठ फिरवून बाजेवर जाऊन बसले. लोटनने मळी काढली. झाऱ्याने पुन्हा काढली. रस उकळून फुगला, खाली बसला, त्याचे बुडबुडे बारीक होत होत दाट झाले. त्याने थेंब पाण्यात सोडला, गोळी केली आणि हात वर केला नाही. भीती वाटत होती म्हणून नाही केला. पुन्हा थेंब, पुन्हा गोळी. आबांच्या हिशोबाने काहील कधीच उतरायला हवी होती. बाजेवरून आबांचा खाकरल्याचा आवाज आला. लोटनने आणखी एक गोळी करून काहिलीच्या कडेवर टाकली. ती टणकन वाजली. तेव्हा कुठे त्याचा हात वर गेला, तोही पुरता नाही, खांद्याइतकाच.

सकाळी साचा काढला. ढेप उभी राहिली. उन्हात ती सोन्याच्या रंगाची दिसत होती आणि पाटलांनी कोपरा फोडला तेव्हा खडीसाखरेसारखी कणीदार कड निघाली. पाटील हसले. गड्यांनी तुकडे वाटून घेतले. एक गडी म्हणाला, "लोटनभाऊ, आते तू बाजवर बस, आम्ही तुन्हा पाय चेपतस."

"आबानी चुना टाका व्हता," लोटन म्हणाला.

"लागस एखादवेळ," आबा म्हणाले.

कमलबाईला हसू आवरेना. आज कुणी काहीही म्हटलं असतं तरी तिला चाललं असतं. ढेप उभी होती, आणि ढेपेला बाप कोण, लेक कोण कळत नाही. घरी येऊन तिने गोड भात केला. लोटनने तो मुकाट खाल्ला.

"एक ढेपमा काय व्हस," हात धुताना तो म्हणाला.

"मंग दुसरी करा."

"पाटील तेच म्हनस," तो म्हणाला, आणि पोटात दुखणाऱ्या माणसासारखा उठून गेला.

दुसऱ्या काहिलीच्या दिवशी आबा सारंगखेड्याला घोड्यांच्या जत्रेला निघून गेले. हंगाम चालू असताना ते कधी गाव सोडत नसत, आणि घोडा त्यांना घ्यायचा नव्हता. ओट्यावर लोटन एकटा होता. चुनाही त्यालाच टाकायचा होता. त्याने चिमटीत घेतला, परत ठेवला, पुन्हा घेतला. कमलबाई खालून बघत होती. तिला त्या दिवशी गाडीतून उतरलेला ऊस पाहूनच शंका आली होती. तो नाल्याकडच्या तुकड्यातला होता. तिथे पावसाळ्यापासून पाणी तुंबलेलं, उसाची कांडी लांब आणि पोकळ. रस चाखला तर खारट लागत होता. तिने पाटलांच्या गाडीवानाला विचारलंही, माळावरचा ऊस का नाही आणला म्हणून. तो म्हणाला, पाट फुटून तिकडच्या वाटेवर चिखल झाला होता.

सकाळी ढेप उभी राहिली. पण ऊन चढलं तशी ती घामेजली, दुपारपर्यंत एका बाजूला कलली आणि बाजूला ठेवलेल्या सुपाला टेकून राहिली. पुरती बसली नव्हती. आबांच्या ढेपांपेक्षा खूपच बरी होती. पण कललेली होती.

लोटन तिच्यासमोर उभा राहिला. कमलबाईने त्याचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. हायसं वाटल्याचा भाव होता. अनोळखी गावात दोन दिवस चुकत फिरलेल्या माणसाला अखेर आपल्या घराचं दार दिसावं तसा तो दिसत होता.

"पाहा," तो पाटलांना म्हणाला. "सांगत व्हतू ना मी."

"अरे नालावरना ऊस व्हता तो. त्यामा पाणीच जास्त. सकाळ माळवरना ऊस देस तुले. तिसरी कर."

"नको, पाटील."

"दोन काहिलीमा काय समजस रे बाबा?"

"मले समजनं," लोटन म्हणाला आणि खड्ड्यात उतरून राख ओढू लागला.

पाटलांनी गाडीवानाला बोलावून बागलाणात निरोप पाठवायला सांगितलं. त्यांनी ते मोठ्याने सांगितलं, अजूनही लोटन वर बघेल म्हणून. लोटनने वर पाहिलं नाही.

कमलबाईने त्याला चिपाडांच्या ढिगाआड गाठलं. आजूबाजूला बायका होत्या म्हणून ती दबक्या आवाजात बोलत होती, आणि दबक्या आवाजात राग मावत नव्हता.

"पहिली उभी राहिनी ती आबाना चुनामुळे. दुसरी कलनी ती तुमना हातमुळे. चांगलं व्हयनं ते दुसराचं, वाईट व्हयनं ते आपलं. हाई कोणती तऱ्हा?"

"तू जिनवाली शे. तुले यंत्र समजस. हाई यंत्र नही."

"मंग काय शे?"

"हात शे."

"तो ऊस खारा व्हता. मी चाखा. तुम्हीनबी चाखा."

"आबानी खारा उसना गूळ करेल शे."

"कधी? कोणी पाहा?"

तो चिपाडाचा एक तुकडा उचलून बोटांनी त्याचे धागे सोलू लागला. मग खाली बघतच म्हणाला, "आते लोक म्हनतस, लोटनना हात नही पण आच ती लोटननीच. तिसरी काहील बिघडनी तर तेबी म्हनाले कोणी ऱ्हावाऊ नही."

तो असं कधी बोलत नसे. तिला वाटलं, आता काहीतरी मऊ बोलावं, त्याच्या पाठीवर हात ठेवावा. पण ती इतकी चिडली होती की तिच्या तोंडून निघालं, "म्हनजे तुमले गूळ नही करना. नाव सांभाळना शे."

"तसं समज," तो म्हणाला. खळी पडली नाही.

बागलाणचा माणूस आला तो बैलगाडीच्या मागे चालत आला. दोधू त्याचं नाव. बुटका, बडबड्या, एका गालात तंबाखू. गुळव्या म्हणून त्याच्याकडे पाहून कुणाला काही वाटावं असं त्याच्यात नव्हतं. आल्या आल्या त्याने ओटा पाहिला नाही, माणसांना विचारत सुटला. ऊस कोणत्या तुकड्यातला, शेवटचं पाणी कधी दिलं, पेंड किती घातली. लोटनला विचारलं, चिपाड ओलं आहे का. कमलबाईला विचारलं, "बाई, भेंडी किती ठेचतस तुम्ही?" गुळव्याने आपल्याला काही विचारलं याचं तिला इतकं नवल वाटलं की तिला चटकन सांगता येईना.

आबा बाजेवर बसून हे पाहत होते.

दोधूची पहिली ढेप बसली. अगदी आबांच्या ढेपांसारखी, पातळ शेणासारखी पसरली.

"बागलाणना हात," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. गडी हसले.

दोधूही हसला. "हात नही ओ बाबा मन्हा. मी ते दहा गावना गूळ बिघाडीसन आठे कळसाडीले उनू."

आबा बाजेवर ताठ झाले. "ऐकं का, पाटील? स्वतःच सांगस, हात नही म्हनून."

पाटलांनी कपाळाला हात लावला. कमलबाईला हसावं की रडावं कळेना. तिने लोटनकडे पाहिलं. तो आबांच्या बाजूने मान हलवत होता.

दुसऱ्या खेपेला दोधूने चुना वाढवला. ढेप उभी राहिली, पण काळी पडली. ती पाहून तो वैतागला नाही. तिचा तुकडा तोंडात धरून ओट्याभोवती फिरत राहिला, कमलबाईच्या बापासारखा. तिसऱ्या खेपेला ढेप उभी राहिली आणि रंगही आला. त्यानंतर ढेपा उभ्याच राहू लागल्या. शहाद्याचा व्यापारी स्वतः गुऱ्हाळावर येऊन गेला.

आबांनी गुऱ्हाळावर येणं सोडलं. घरी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "तो इचारी इचारी करस. इचारस तो काय गुळव्या व्हयना?" भिकुबाई त्यांच्या पुढ्यात चहा ठेवायची आणि आत येऊन कपाळावर हात मारायची.

एका दुपारी कमलबाई लोटनची भाकरी घेऊन गुऱ्हाळावर गेली. काहील नुकती चढली होती, रस अजून गरम व्हायचा होता, म्हणून लोटनला सवड होती. दोघं बाभळीच्या सावलीत बसली. त्या भांडणानंतर त्यांच्यात कामापुरतंच बोलणं होत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "हाऊ दोधू येगळं काय करस?"

आणि लोटन बोलू लागला. रस कढायच्या आत मळी काढली पाहिजे, एकदा उकळी फुटली की ती रसात मिसळते आणि मग निघत नाही, म्हणून आधी आच मंद ठेवायची. भेंडी एकदम ओतायची नाही, तीन वेळा थोडी थोडी. चुना कोरडा नाही, पाण्यात कालवून, वरचं नितळ तेवढंच घ्यायचं. नाल्याकडच्या उसाला तो थोडा जास्त लागतो, माळावरच्याला कमी. काळी ढेप निघाली ती चुन्यामुळे नव्हे, चुना घातल्यावर भेंडी वाढवली नाही म्हणून. पाक जुन्या उसापेक्षा जास्त आटवायचा, गोळी बोटात मऊ लागली तर थांबायचं नाही, कडेवर टाकून वाजवून बघायची. बुडबुडे आधी मुठीएवढे, मग चिंचोक्याएवढे होतात, आणि चिंचोक्याएवढे झाले की वास बदलतो, तो वास खड्ड्यात आधी येतो आणि ओट्यावर नंतर. हे दोधूलाही ठाऊक नव्हतं, लोटनने पाहून ठेवलं होतं. भाकरीचा घास हातातच राहिला होता. तो हातवारे करत होता, त्याचे डोळे चमकत होते. इतक्या वर्षांत तिने त्याला असं बोलताना पाहिलं नव्हतं.

तो बोलायचा थांबला तेव्हा तिने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"म्हनजे आते तुमले येस."

लोटनने तिच्याकडे पाहिलं. तो चिडला नाही, हसलाही नाही. तिने काय म्हटलं ते खरोखरच त्याला कळलं नव्हतं.

"मले?" तो म्हणाला. "मले कसं येई? मी त्यानं सांगी ऱ्हायनू."

"आच, चुना, गोळी, बठ्ठं तुम्ही सांगं ना आते. आणि तो वासनं? ते ते दोधूलेबी माहीत नही."

"ते खड्डामा बसनारले समजस कमल. त्यामा काय." त्याने उरलेला घास तोंडात टाकला. "पाहनारले बठ्ठंच समजस. करनारना हात लागस."

ओट्यावरून दोधूने हाक मारली. "ओ लोटनभाऊ, हाई मळी पुरती निंघनी का, जरा या ना वर. तुम्ही पाहा एकदा."

वर जा, कमलबाई मनात म्हणाली. नुसतं वर जाऊन बघ.

लोटन उठला. धोतर झटकलं, हात धुतले. ओट्याच्या पायरीपाशी क्षणभर थांबला.

"मले काय समजस त्यामधलं, दोधूभाऊ," तो म्हणाला. "तुम्हीच पाहा." आणि पायरीला वळसा घालून खड्ड्यात उतरला.

कमलबाईने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. गाठ तिने इतकी आवळली की घरी आल्यावर ती सुटेना. शेवटी दातांनी सोडवावी लागली.